गिअर नसलेली गाडी, उताराचं गाव

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे निघालं की गाडी निम्मी आपसूक उतरते, आणि परत येताना तेवढंच चढून यावं लागतं. समर्थ मंदिराच्या पुढे तर चढच चढ. तिथून एक रस्ता यवतेश्वरच्या घाटाने कासला जातो, दुसरा बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे. सपाट गावात स्कूटरची खोड वर्षानुवर्षं लपून राहते. ढिला ब्रेक, गुळगुळीत टायर, झिजलेला पट्टा, सगळं खपून जातं. इथे खपत नाही. पहिल्याच घाटात बिंग फुटतं.

आणि तरी स्कूटर तपासून बाहेर काढणारा माणूस या गावात दुर्मीळच. बुलेटवाला निघण्याआधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, त्यातली निदान एक कौतुकाची असते. स्कूटरच्या वाट्याला तीही येत नाही. मिक्सरचं बटण दाबावं तसं सेल्फ दाबायचं आणि निघायचं. शाळेची वेळ झालेली असते, दूध आणायचं असतं, बँक बंद व्हायला आलेली असते. घरातली ही सगळ्यात जास्त फिरणारी गाडी आणि सगळ्यात कमी पाहिली जाणारी.

याचं कारण तिच्या सोपेपणातच आहे. गिअर नाही, क्लच नाही, म्हणून ती आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना चालवता येते. पण ती कामं कुठे गेलेली नाहीत. डाव्या बाजूच्या कव्हरच्या आत एक रबरी पट्टा, दोन पुल्या, काही रोलर आणि एक क्लच मिळून ती मुकाट्याने करत असतात. चालवणाऱ्याला काही कळवत नाहीत. उतारावर आणि चढावर नेमकं त्यांचंच वागणं बदलतं, आणि ते माहीत नसेल तर चांगला जुना चालवणाराही गोंधळतो.

या गावाला स्कूटर तशी नवी नाही. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांची महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली आणि साताऱ्यातल्या तिच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायच्या. त्या गाडीच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. घाट उतरताना खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवायचं, ब्रेकला फारसं काम पडायचं नाही. त्या पिढीचे हात अजून त्याच सवयीचे आहेत. आजच्या स्कूटरला डाव्या हाताखाली ब्रेक आहे, क्लच नव्हे. जन्मभर मोटरसायकल किंवा जुनी गिअरची स्कूटर चालवलेला माणूस सुनेची गाडी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडतो, वळणावर गिअर बदलायच्या सवयीने डावी मूठ कचकन आवळतो आणि गाडी जागेवर थबकते. मागून कोणी येत असेल तर तिथेच धडक. अशा माणसाने आधी मोकळ्या मैदानावर पाचदहा मिनिटं फक्त सुरू करणं, थांबवणं, पुन्हा सुरू करणं एवढंच करावं. हाताला एकदा कळलं की मग शहरात यावं.

आता तपासणीकडे. सुरुवात हवेपासून, कारण सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. पंपावरचा हवावाला विचारतो, “किती?” आणि आपण सांगतो, “टाका तुम्हीच बघून.” तो चाळीस टाकतो. अनेक ११०-१२५ सीसी स्कूटरना पुढे २२, मागे एकटं असताना २९ आणि डबलसीट ३६ पीएसआय असा आकडा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा बॉडीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. एकदा बघून तो मोबाइलमध्ये टिपून ठेवला की आयुष्यभराचं काम झालं. हवा जास्त असली तर टायर फुगून रस्त्याला कमी टेकतो आणि पावसात सटकतो. कमी असली तर हँडल जड लागतं, टायरच्या बाजू तापतात आणि खड्ड्यात रिम थेट आदळते. ट्यूबलेस टायरची रिम एकदा वाकली की पंक्चर नसतानाही हवा उतरत राहते, आणि मालक पंक्चरवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. हवा टायर थंड असताना मोजायची. घाट उतरून आल्या आल्या मोजली तर काटा जास्त दाखवतो. तो बघून हवा सोडली की सकाळी टायर बसलेला.

व्हॉल्व्ह गळतो का हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. टोपी काढायची, बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर पसरायची आणि पाच सेकंद बघत राहायचं. थुंकीचा पडदा फुगून बुडबुडा झाला तर आतली पिन गळते आहे. ती बदलायला चार पैसे लागतात. टोपी नुसती शोभेला नसते, ती धूळ आणि चिखल पिनेपर्यंत जाऊ देत नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर उपटायचा मोह आवरा. तो आत आहे तोवर भोक बऱ्यापैकी बुजलेलं असतं. तसाच सावकाश पंक्चरवाल्याकडे न्या.

टायरच्या खाचांमध्ये मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला, मग वरून कितीही बरा दिसो. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होतं, बाजूंना बारीक भेगा पडतात. निवृत्त माणसाच्या ‘फक्त मंडईपर्यंत’ जाणाऱ्या गाडीत हे हमखास आढळतं. नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं. मागचं चाक बऱ्याच स्कूटरना १० इंचीच असतं, काहींना पुढचंही. मोटरसायकलचं १७-१८ इंची चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जातं, त्यात हे लहान चाक आत शिरतं. म्हणून खड्डा टाळता येत नसेल तर त्याच्या आधीच वेग कमी करा, आणि खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढचे शॉक्स आधीच बसलेले असतात आणि सगळा दणका हँडलला येतो.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर, कारण या गावात गाडी चालवणं म्हणजे निम्मं ब्रेक वापरणं. लिव्हर दाबायला लागल्यापासून ब्रेक पकडेपर्यंत टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. त्याहून जास्त असेल तर शू, म्हणजे चाकाच्या मधल्या ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे, झिजलेत किंवा वायर सैल झाली आहे. चालच नसेल तर ब्रेक कायम घासतोय. चाक गरम होणार, अ‍ॅव्हरेज पडणार. ड्रम ब्रेकच्या हाताशी, म्हणजे वायर जिला ओढते त्या बाहेरच्या दांडीशी, एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. लिव्हर पूर्ण दाबलेली असताना बाण खुणेला जाऊन भिडला, तर वायर आवळून उपयोग नाही, शू बदलायचेच. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: ब्रेक लागत नाही म्हटलं की नट दोन आटे आवळायचा आणि पुढे चालायचं.

तो नटही नीट आवळायची रीत आहे. मागच्या चाकाशी वायरच्या टोकाला असलेल्या या नटाची एक बाजू खोलगट असते आणि ब्रेकच्या हाताला एक गोल पिन असते. नटाची खोलगट बाजू त्या पिनेवर बरोबर बसली पाहिजे, म्हणून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच आवळायचा. अर्धवट ठेवला तर धक्क्यांनी तो फिरून बसतो आणि जमवलेली चाल बिघडते. आवळून झाल्यावर गाडी मेन स्टॅण्डवर असताना मागचं चाक हाताने फिरवून बघायचं. सुटं फिरलं पाहिजे, घासल्याचा आवाज नको.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान कॉम्बी ब्रेक बंधनकारक झाले. म्हणजे डावी लिव्हर दाबली की मागच्याबरोबर थोडा पुढचाही ब्रेक लागतो. उजवीने फक्त पुढचा. यामुळे एक वाईट सवयही लागली. लोक उजव्या लिव्हरला बोटच लावत नाहीत. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही लिव्हर एकत्र, झटका न देता, लिंबू पिळतो तशा वाढत्या दाबाने दाबायच्या, आणि गाडी सरळ असताना. वाकलेल्या गाडीला, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक कचकन मारला की हँडल निसटतं. ‘पुढचा ब्रेक लावू नको, पालथा पडशील’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला तिथून आला. तो अर्धाच खरा आहे आणि त्या अर्ध्यापायी कितीतरी गाड्या वेळेत थांबत नाहीत. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर कुत्रं आलेलं मेंदूला कळून बोटं हलेपर्यंत साधारण तेवढं अंतर गेलेलंच असतं. थांबणं त्यानंतर सुरू होतं. ६० वर नुसतं थांबायलाच ४० च्या सव्वादोन पट रस्ता लागतो.

ब्रेकलाइटची तपासणी एकट्याने करायची तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करा. आरशात लाल उजेड दिसतो. डावी आणि उजवी लिव्हर वेगवेगळी दाबून बघा, कारण दोन्हीला स्वतंत्र स्विच असतात आणि एक बिघडलेला असला तरी दुसऱ्यामुळे लक्षात येत नाही. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असं समजा. हॉर्न, आरसे, पेट्रोल याबद्दल वेगळं सांगायला नको. एवढंच, की २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या कायम तळाला आलेल्या पेट्रोलवर चालवू नयेत. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो.

ॲक्सिलरेटरची मूठ मात्र रोज बघावी. गाडी बंद असताना पूर्ण पिळून सोडली की ती स्वतःहून, टक्क आवाज करत परत आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून एकदा, पूर्ण उजवीकडे वळवून एकदा. पावसाळ्यात वायरीत चिखलपाणी शिरतं, मूठ जड होते, आणि एके दिवशी सोडल्यावरही तिथेच राहते. मेन स्टॅण्डवर पुढचं चाक हवेत घेऊन चिमटा, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्या, खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. कटकट लागली तर हँडलचं बेअरिंग सैल झालंय. घाटात वळताना हँडल स्वतःच्या मनाने हलल्यासारखं वाटतं ते यामुळे.

इंजिन ऑइल बहुतेक स्कूटरमध्ये साडेसहाशे ते आठशे मिलीच असतं. एवढ्याशा तेलात शंभर मिली कमी झालं तरी ते मोठं प्रमाण आहे. गाडी सपाटीवर मेन स्टॅण्डवर, तीन-चार मिनिटं चालवून बंद केलेली, मग दोन-तीन मिनिटं थांबून काडी पुसून बघायची. बऱ्याच गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात. आपल्या गाडीचं पुस्तक बघा. डब्यावर ‘एमबी’ लिहिलेलं तेल स्कूटरसाठी, ‘एमए’ मोटरसायकलसाठी. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्याला घसरट तेल चालत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिला ते चालतं आणि इंजिन हलकं फिरतं. उरलेलं स्कूटरचं तेल मुलाच्या मोटरसायकलमध्ये ओतू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मागच्या चाकाच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं, शंभर-सव्वाशे मिलीच्या घरातलं. ते बदलायचं गॅरेजवाला विसरतो आणि आपल्याला तर ते आहे हेच ठाऊक नसतं.

सुरू करताना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, ते आपल्या भल्यासाठीच आहे. चावी फिरवल्यावर पिवळं इंजिनचं चिन्ह पेटतं, आतून पंपाचा बारीक सूं आवाज येतो. तो थांबला की सेल्फ दाबा, आणि गाडी सुरू झाल्यावर ते चिन्ह विझलं पाहिजे. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नये. नाही लागली तर दहा सेकंद बॅटरीला दम घेऊ द्यावा. नुसतं टिकटिक वाजलं तर बॅटरी बसली आहे, उगाच दाबत राहून ती आणखी बसते.

गाडी मेन स्टॅण्डवर सुरू ठेवून मूठ पिळायची सवय घातक. मागचं चाक फिरत असताना कोणी गाडी पुढे ढकलून स्टॅण्डवरून उतरवली की ती हातातून सुसाट निघते. त्याहून घातक म्हणजे पुढे पाय ठेवायच्या जागेत उभं केलेलं पोर. बाबा किराणा दुकानात गाडी चालूच ठेवून एका हाताने पिशवी घेतात, पोराच्या हातात मूठ असते. गिअर नसल्याने मूठ पिळली की गाडी निघालीच. मधे क्लचचा अडसर नाही. थांबायचं तर चावी बंद, तीस सेकंदांसाठी का होईना. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना सेफ्टी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा केंद्राचा नियम आहे. साताऱ्यात हार्नेस बांधलेलं मूल क्वचितच दिसतं. पोराला ओढणीने पाठीशी बांधलेलं मात्र दिसतं.

आता तो घाट. कव्हरच्या आतला क्लच असा असतो की इंजिनाने जोर धरल्यावर, साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, त्याचे शू बाहेर फाकतात आणि चाकाकडच्या वाटीला पकडतात. फेरे कमी झाले की शू आत येतात आणि चाकाचा इंजिनाशी संबंध तुटतो. म्हणून सिग्नलला गाडी बंद न पडता उभी राहते. उतारावर याचा अर्थ वेगळा होतो. यवतेश्वरहून खाली येताना मूठ पूर्ण सोडून ब्रेकवर वेग कमी केलात, तो ताशी दहा-पंधराच्या खाली गेला की क्लच सुटतो. तिथून पुढे इंजिन गाडीला अजिबात धरून ठेवत नाही. ती चाकांवर मोकळी घरंगळते. गंमत अशी की आता वेग पुन्हा ३० झाला तरी क्लच आपोआप लागत नाही, कारण त्याचे शू इंजिनाकडच्या बाजूला आहेत आणि इंजिन नुसतं मंद घुरघुरतंय. एक ब्रेकच उरतो. घाटात ‘गाडी अचानक सुटल्यासारखी झाली’ असं लोक सांगतात ते हेच, आणि दोष ब्रेकवर ढकलतात.

उपाय साधा आहे. वळण संपून गाडी सरळ झाली, बोटं ब्रेकवर आहेत, अशा वेळी मूठ क्षणभर किंचित पिळायची, क्लचने पकडल्याचा हलका धक्का जाणवला की सोडून द्यायची. आता इंजिन पुन्हा चाकाला बांधलेलं आहे आणि गाडी थोडी आखडून उतरते. मोटरसायकलच्या दुसऱ्या गिअरसारखी ताकद त्यात नाही, पण ब्रेकचं काम हलकं होतं. म्हणून सबंध घाट ताशी २५-३० च्या घरात एकसारखा उतरणं, हे वेग वाढवून वळणावर कचकन कमी करण्यापेक्षा कितीतरी बरं. ब्रेकही कायम दाबून ठेवायचा नाही: दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबलेल्या ब्रेकने ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर जातो. अस्तरही तापून पकड सोडतं. लिव्हर नेहमीपेक्षा आत जायला लागली, जळका वास आला, की बाजूला थांबा आणि वीसेक मिनिटं डोंगर बघा. गरम ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तो वाकडा होतो.

पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करणारे अजून आहेत. घाटभर गाडी बंद ठेवून जे वाचतं त्यात एक चहा येत नाही. आणि बंद इंजिनात क्लच लागायचा प्रश्नच नाही. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना इथे फायदा आहे. मूठ सोडली की मोटर उलटी वीज बनवते आणि गाडी धरते. फक्त बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की काही गाड्यांत हे होत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर राहून रात्रभर चार्जिंग करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

चढावरचा अपराध निराळा. समर्थ मंदिराच्या चढावर समोरची एसटी थांबली की निम्मे स्कूटरवाले ब्रेक न लावता मूठ अर्धवट पिळून गाडी जागेवर तोलून धरतात. त्या वेळी क्लचचे शू वाटीवर घसरत असतात. तापतात, चकचकीत होतात. मग काही दिवसांनी गाडी निघताना थरथरते आणि मालक इंजिन खोलायला निघतो. चढावर थांबायचं ते डाव्या ब्रेकवर; निघताना मूठ पिळत ब्रेक हळू सोडायचा. ज्यांची गाडी रोज डबलसीट घाट चढते त्यांनी पट्टा आणि रोलर पुस्तकातल्या किलोमीटरच्या थोडं आधीच उघडून बघावेत. पट्ट्याच्या आतल्या दातांत भेगा दिसल्या तर तो वाटेत तुटायची वाट बघू नये. तुटला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

सामानाचं काय सांगावं. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीसेक किलोचा असतो आणि तो पायाच्या जागेत ठेवून, पाय दोन बाजूंना फाकवून लोक राजपथाने जातात. पाय टेकायची वेळ आली की ते जमिनीपर्यंत वेळेत पोचत नाहीत. हुकाला बाजाराची पिशवी हवी तर लावा, हँडलच्या मुठीला नको: वळताना ती ब्रेकच्या लिव्हरमागे शिरते. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली व्यक्ती असेल तर भार डावीकडे जातो, डावं वळण सोपं वाटतं आणि उजवं अंगावर येतं. पदर, ओढणी बसायच्या आधी खोचलेली असावी, बसल्यावर नव्हे. आणि डबलसीट बसलं की मागची बाजू दबून हेडलाइट वर उचलला जातो. समोरच्याचे डोळे दिपतात, आपल्याला रस्ता दिसत नाही.

ऋतूंचे धडे निराळे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून जो लेप तयार होतो, तो दोन-तीन चांगल्या सरी पडेपर्यंत धुऊन जात नाही. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं मात्र पावसाळाभर निसरडी. पाण्यातून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर ड्रममध्ये ओल राहते. शंभरेक मीटर ब्रेक हलके दाबत चाला, पकड आली की मग वेग घ्या. पाणी पायाच्या जागेपर्यंत असेल तर जाऊच नका. पट्ट्याच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं की पट्टा घसरतो, आणि इंजिनाने पाणी ओढलं असेल तर सेल्फ मारून आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर ढकलत न्या.

गळीत हंगाम सुरू झाला की कोरेगाव, कराडच्या बाजूला रात्री उसाच्या ट्रॉल्या. दोन-दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. खाली पडलेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि दाबलेली कांडी ओल्या फरशीइतकी सटकते. ट्रॉलीला ओलांडताना तिची लांबी दुप्पट धरा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. शंभर-एकशेदहा किलोची स्कूटर तिथल्या आडव्या वाऱ्यात हात-दोन हात सरकते. हँडल घट्ट आवळलं तर ती जास्त डुलते. हात सैल, गुडघे आत, वेग कमी. महामार्गावर खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या एस वळणावर तर ट्रकच्या शेजारी राहूच नका, आधी जाऊ द्या किंवा मागे राहा.

हेल्मेटबद्दल एकच: हनुवटीखालचा पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडतं. पट्ट्यात दोन बोटं जेमतेम शिरावीत. अठरा वर्षांखालच्या मुलाला क्लासला पाठवताना चावी देणाऱ्या पालकांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या क्लासच्या बाहेर उभ्या गाड्यांची रांग बघून पुन्हा सांगावंसं वाटतं.

राहिलं गाडी लावणं. मोटरसायकलवाला उतारावर पहिला गिअर टाकून निर्धास्त जातो. स्कूटरला ती सोय नाही, बंद गाडीचं चाक मोकळंच असतं. साइड स्टॅण्डवर उताराच्या दिशेने तोंड करून लावली तर जरा पुढे सरकताच स्टॅण्ड मागे दुमडतो आणि गाडी आडवी. म्हणून तोंड चढाकडे, किंवा सरळ मेन स्टॅण्ड. तो लावायला हातांनी उचलाउचल करायची नसते: डाव्या बाजूला उभं राहून डावा हात हँडलला, उजवा मागच्या दांडीला, उजवा पाय स्टॅण्डच्या पट्टीवर. स्टॅण्डचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे कळलं की शरीराचं वजन त्या पायावर टाकायचं. गाडी स्वतः चढते. एक टेकला आणि एक नाही, अशा वेळी जोर लावला तर ती पलीकडे पडते. डाव्या लिव्हरला ब्रेक अडकवून ठेवायची खीळ असते, ती उतारावर लावायची. आणि ती लावून गाडी एकदा ढकलून बघायची. मागची वायर सैल असेल तर खीळ अडकते, पण चाक फिरतंच.